देण्याघेण्याच्या कपाटातली किल्ली

माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं लोकांना नको असलेली एक वस्तू त्यांच्या हातात कोंबण्यात गेली. वस्तू अगदी लहान. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी, काळी, एका टोकाला कॉम्प्युटरमध्ये खुपसायची पट्टी आणि मधोमध एक सोनेरी टिकली. ऑफिसात तिला टोकन म्हणत, ड्रायव्हर आणि शिपाई मंडळी ‘वो छोटी चाबी’ म्हणत, मी आपली किल्ली म्हणायचे. आमची कंपनी गुरुग्रामच्या एका काचेच्या टॉवरमध्ये होती. तिथल्या प्रत्येकाला अशा दोन दोन किल्ल्या द्यायच्या, त्या त्याच्या खात्याला जोडून द्यायच्या आणि हरवल्या की वर बोलणीही आपणच खायची, हे माझं काम. बाकीची नोकरी चारचौघांची असते तशीच झाली, तिच्याबद्दल लिहून दिवाळी अंकाची पानं अडवत नाही.

ही किल्ली कशासाठी, हे मी इतक्यांदा समजावलं आहे की झोपेतही सांगू शकेन. पासवर्ड म्हणजे एक शब्द. शब्द माणसाला सांगता येतो, म्हणून तो काढूनही घेता येतो. मोबाइलवर येणाऱ्या आकड्याचं तेच. समोरचा गोड बोलला, किंवा घाबरवून बोलला, की माणूस आकडा वाचून दाखवतो. शिवाय हल्ली चोर दार फोडत नाहीत, हुबेहूब तुमच्या दारासारखं दुसरं दार उभं करतात. रंग तोच, अक्षरं तीच, फक्त वरच्या पट्टीतल्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. आमच्या सोसायटीचा गार्ड गाडीच्या काचेवरचं स्टिकर बघून सलाम ठोकतो, आत कोण बसलंय ते बघत नाही. आपण सगळे स्क्रीनकडे तसंच बघतो. किल्ली मात्र रंग बघत नाही, ती पत्ता बघते. ज्या पत्त्यावर तिची ओळख करून दिली असेल तिथेच ती चालते, दुसरीकडे तुम्ही टिकली दाबून बोट झिजवलंत तरी ढिम्म हलत नाही.

यातून एक गंमत अशी होते की किल्लीनं आपलं काम चोख केलं की लोक तक्रार करतात. “शैला मॅम, आपकी चाबी ख़राब है,” असा फोन आला की मी आधी म्हणायचे, “कुछ मत दबाइए, मैं आती हूँ.” जाऊन पाहावं तर बऱ्याचदा किल्ली ठणठणीत आणि पान नकली. हे सांगितल्यावर माणूस खूश होईल असं तुम्हाला वाटेल. तो खट्टू होतो. आपण फसलो होतो हे त्याला एका काळ्या प्लास्टिकच्या तुकड्यासमोर कबूल करावं लागतं.

आमचे एक मोठे साहेब होते. किल्ली जवळ बाळगणं त्यांना शोभेना. चाव्यांचा जुडगा कमरेला लावणारी माणसं त्यांच्या मते वेगळ्या पगाराची. “शैला जी, ये सब आप तनेजा जी को दे दीजिए,” म्हणाले. तनेजाजी म्हणजे त्यांचे पी.ए. झालं, दोन्ही किल्ल्या तनेजाजींच्या ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड तनेजाजींच्या डोक्यात. मी लेखी हरकत घेतली, पण पोचेला तिच्यावर साहेबांची खरी सही नव्हती, कारण त्यांची सहीसुद्धा तनेजाजीच करत. पुढे बराच काळ तो विभाग तनेजाजींनी चालवला, आणि बरा चालवला असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरा एक तरुण मॅनेजर, भंडारी. हुशार मुलगा, पण हरवण्याची फार धास्ती. म्हणून त्यानं दोन्ही किल्ल्या गाडीच्या चावीच्या छल्ल्यात अडकवल्या. एका फार्महाऊसवरच्या लग्नात त्यानं गाडी पार्किंग लावणाऱ्या व्हॅलेकडे दिली, वरातीच्या घाईत कुणीतरी तीच गाडी घेऊन पाहुण्यांना सोडायला निघालं, आणि दुसऱ्या दिवशी परदेशातल्या ग्राहकासमोर बसायच्या आधी भंडारीचा मला फोन. “मैम, चाबी जयपुर चली गई.”

“और दूसरी?”

“वो भी साथ में गई है, मैम. दोनों का साथ था ना.”

दुसरी किल्ली वेगळ्या घरात ठेवायची, हा नियम मी त्याला हसतमुखानं सांगितला होता, त्यानंही हसतमुखानं ऐकला होता. आमच्या धंद्यात सल्ला देणाऱ्याच्या नशिबी बहुतेक एवढंच असतं.

निवृत्त झाल्यावर मी थोडी खाजगी कामं घेऊ लागले. त्यातलं एक पानिपतचं. तिथले एक लालाजी चादरी आणि गालिचे बाहेरदेशी पाठवतात. त्यांच्या मेलमध्ये कुणी शिरून त्यांच्याच नावानं गिऱ्हाइकांना पत्रं लिहायला लागलं होतं, म्हणून मला बोलावलं. पानिपतला जाते म्हटलं की पुण्याकडचे नातेवाईक अजूनही फोनवर क्षणभर थबकतात. माझी आत्या तर “जपून गं” म्हणाली. मी टॅक्सीनं गेले, छोले-पुरी खाल्ली, काम करून परत आले, पानिपत वगैरे काही झालं नाही.

लालाजींनी किल्ली तळहातावर तोलून पाहिली. “बेटी, ये खो गई तो?”

“दूसरी है.”

“दूसरी भी खो गई तो?”

“फिर बहुत मुश्किल होगी, लालाजी.”

“तब तो ठीक ताला है,” ते समाधानानं म्हणाले. मग मी म्हटलं, दुसरी किल्ली एका मुलाकडे द्या. लालाजींनी समोर बसलेल्या दोन्ही मुलांकडे पाहिलं. मुलांनी आपापल्या चहाच्या कपाकडे पाहिलं. “दोनों मेरे पास ही रहने दो,” लालाजी म्हणाले, आणि तो विषय संपला.

मी हे पानिपत मुद्दाम सांगते, कारण मी तिकडे धुक्यात अडकले होते त्याच दुपारी इकडे गुरुग्रामला माझ्या मैत्रिणीच्या, निर्मलाताईंच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मी ख्रिस्ती, अहमदनगरकडची. आमच्याकडे हळदीकुंकू नसतं, पण निर्मलाताईंकडे मी दरवर्षी जाते. कुंकू लावून घेत नाही, तिळगूळ घेते, वाणही घेते. त्यांनाही त्यात काही वाटत नाही आणि मलाही नाही. त्या वर्षी मी असते तर पुढचं सगळं झालंच नसतं.

निर्मलाताई आमच्याच सोसायटीत पलीकडच्या टॉवरमध्ये राहतात. शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. घरात मार खाणाऱ्या, कुणाशी बोलता न येणाऱ्या मराठी बायकांशी बोलायचं, वकील गाठून द्यायचा, वेळेला राहायची सोय बघायची. संस्था नाही, पाटी नाही. पहिली भेट बहुतेक दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये. तिथे दोन मराठी बायका मिसळ खात तासभर बोलत बसल्या तर कुणी वळूनही बघत नाही.

त्यांच्याकडे आलेल्यांपैकी एक ऋतुजा सबनीस. तिचा नवरा निखिल मोठ्या कंपनीत, माझ्याच व्यवसायातला. बाहेर अतिशय गोड, घरात हात उचलणारा. एका सकाळी ऋतुजा लहान मुलीला घेऊन घर सोडून गेली. प्रकरण कोर्टात चालू होतं. ती कुठे राहते हे तिच्या वकिलाला माहीत होतं आणि निर्मलाताईंना. नवा पत्ता, मुलीची शाळा, येण्याजाण्याच्या वेळा हे सगळं निर्मलाताईंच्या मेलमध्ये होतं, कारण ऋतुजा रात्रंदिवस जे काही मनात येई ते त्यांना तिथेच लिहायची. मुलीला शाळेतून उचलून नेईन, असं निखिल चारचौघांत म्हणाला होता.

हे कळल्यावर मी निर्मलाताईंच्या खात्याला दोन किल्ल्या जोडून दिल्या. फोनवर आकडा मागवायची सोय बंद केली, म्हणजे पासवर्ड आणि किल्ली दोन्ही असल्याशिवाय खातं उघडायचं नाही. एक किल्ली त्यांच्या पर्समध्ये. दुसरी माझ्याकडे ठेवा म्हटलं.

“तुझ्याकडे कशाला? तू सारखी बाहेरगावी,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे एक जागा आहे. तिथे कुणी हात लावत नाही.”

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात निर्मलाताईंचा फोन आला. “शैला, तुझी किल्ली बिघडली गं. किती वेळ दाबतेय.”

“काही दाबू नका. मी आले.”

गेले तर त्या टेबलाशी बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. स्क्रीनवर त्यांच्या मेलचं पान, पासवर्ड मागणारं. वरचा पत्ता मी वाचला आणि लॅपटॉप हळूच माझ्याकडे ओढून घेतला. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं.

“इथे कशा आलात तुम्ही?”

“ऋतुजाचा मेल आला. हे बघ.”

मेलमध्ये लिहिलं होतं: मॅडम, मला पुन्हा घर बदलावं लागलं. नवीन पत्ता सोबतच्या कागदात आहे, बरोबर आहे का बघून कळवा. खाली ऋतुजाचं नाव. कागदावर बोट ठेवलं की हे नकली पान उघडत होतं.

“ऋतुजा तुम्हाला मॅडम म्हणते?”

निर्मलाताईंनी चष्मा डोळ्यांवर ओढून मेल पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “मावशी म्हणते. मला कळायला हवं होतं. पण पुन्हा घर बदललं म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, त्यानं गाठलं वाटतं हिला.”

त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. ज्यानं लिहिलं होतं त्याला नेमकं ठाऊक होतं की ही बाई कशानं घाबरेल. पासवर्ड त्यांनी तिथे भरला होता, एकदा नव्हे, परत परत, दर वेळी जास्त काळजीपूर्वक. तो आता निखिलकडे होता. नाव कुठे लिहिलेलं नव्हतं, पण दुसरं कोण असणार? आणि किल्ली तेवढी नाही म्हणत राहिली होती. मी त्यांना सांगितलं की तिनं तुम्हाला वाचवलंय. नोकरीत हे वाक्य मी अनेकांना ऐकवलं, त्या दिवशी पहिल्यांदाच ते म्हणून झाल्यावर मी पत्ता पुन्हा वाचून खात्री करून घेतली.

सवयीनं म्हटलं, “दुसरी किल्ली आणा. दोन्ही तपासून घेते.”

निर्मलाताई उठून आतल्या खोलीतल्या कपाटाकडे गेल्या. आता हे कपाट समजून घ्यायला हवं, कारण ते बहुतेक मराठी घरांत असतं आणि त्याचा उल्लेख सुरक्षेच्या कुठल्याही पुस्तकात मी वाचलेला नाही. देण्याघेण्याचं कपाट. लोकांकडून आलेले ब्लाउजपीस, स्टीलचे डबे, उदबत्तीची घरं, वापरायची नाहीत आणि टाकायचीही नाहीत अशी फ्रेममधली घड्याळं. एकाकडून आलेलं दुसऱ्याला द्यायचं, फक्त ज्याचं त्यालाच परत जाणार नाही एवढं सांभाळायचं. कार्यप्रसंग आल्याशिवाय त्या कपाटाला खरंच कुणी हात लावत नाही. निर्मलाताईंनी दुसरी किल्ली, खात्याला जोडून झाल्यावर, तिथे तिच्या मूळच्या कोऱ्या पाकिटात परत चिकटवून ठेवली होती.

“नाहीये,” त्या आतून म्हणाल्या.

मग त्यांची सून प्राजक्ता आली. मुलगी फार गुणी, पण जन्म, शाळा, कॉलेज सगळं दिल्लीत. “काय शोधताय, मम्मी?”

“इथे एक लहान पाकीट होतं.”

“अच्छा, वो पेन ड्राइव्हवालं? ते तर मी दिलं.” तिनं अगदी सहज सांगितलं. “हळदीकुंकवाला डबे एक कम पडला होता ना. तुम्ही किचनमध्ये होतात. सगळ्यात शेवटी एक आँटी आल्या, त्यांना रिटर्न गिफ्ट काय देणार? मी कपाट उघडलं, ते नवीन होतं, एकदम पॅक्ड. म्हटलं, कामाची चीज आहे. सॉरी, काही इम्पॉर्टंट होतं का?”

“कुणाला दिलंस?” निर्मलाताईंनी विचारलं, पण त्यांना उत्तर माहीत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“सबनीस आँटींना.”

मालती सबनीस म्हणजे निखिलची आई. मुलगा एकटा पडला म्हणून त्या नाशिकहून येऊन त्याच्याकडे राहिल्या होत्या. निर्मलाताईंनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं, कारण इथल्या मराठी बायकांत सगळ्यांना बोलावून एकीला वगळणं म्हणजे आपण कुणाच्या बाजूनं आहोत ते ओरडून सांगण्यासारखं. आणि त्याही आल्या होत्या, बहुधा त्याच कारणासाठी.

निर्मलाताई पलंगावर बसल्या. पासवर्ड मुलाच्या हातात, किल्ली आईच्या पर्समध्ये, आणि दोघं एकाच घरात जेवायला बसतात. प्राजक्ता एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या कामात असे प्रसंग ऐकायला भयंकर आणि निस्तरायला सोपे असतात. पहिली किल्ली आमच्या हातात होती. मी खऱ्या पानावर गेले, निर्मलाताईंच्या जुन्या पासवर्डनं आणि त्या किल्लीनं आत शिरले, पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या किल्लीची नोंद खात्यातून काढून टाकली. कुणी आत येऊन गेलं होतं का ते तपासलं. कुणी आलं नव्हतं. मालतीताईंच्या पर्समधली वस्तू आता निव्वळ प्लास्टिक होती. निखिलला ती सापडली असती तरी या खात्यापुरता तिचा काही उपयोग नव्हता. प्राजक्तानं चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरली.

“परत मागू का त्यांच्याकडून?” निर्मलाताई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच, “छे. वाण कुणी परत मागतं का? मागितलं की उलट त्यांना कळायचं, त्यात काहीतरी आहे म्हणून.”

“काही गरज नाही,” मी म्हटलं. “ती किल्ली मेली.”

ऋतुजाला त्यांनी फोन करून सगळं सांगितलं. तिनं शाळेला कळवलं, वकिलाला तो नकली मेल पाठवला. माझ्या दृष्टीनं प्रकरण मिटलं होतं. मी नवी दुसरी किल्ली मागवली. ती कपाटात जाणार नाही, माझ्या घरी राहील, एवढी अट घातली आणि या वेळी निर्मलाताईंनी ती मुकाट्यानं मान्य केली.

नवी किल्ली आल्यावर मी ती जोडून द्यायला दुपारी त्यांच्याकडे गेले. काम झालं होतं, चहा समोर होता, तेवढ्यात बेल वाजली. प्राजक्ता ऑफिसला गेलेली, म्हणून निर्मलाताईंनी दार उघडलं. दारात मालती सबनीस. मी नवी किल्ली मुठीत धरली.

मी त्यांना लांबून पाहिलेलं होतं. ठेंगण्या, नीटनेटक्या, साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. आत आल्या पण बसेनात. निर्मलाताईंनी हाताला धरून बसवलं, चहाचा कप पुढे ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. पर्स उघडली आणि ते काळं पाकीट टेबलावर ठेवलं. फोडलेलं होतं.

“वाण परत करत नाहीत, मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण हे तुम्ही ठेवून घ्या.”

“अहो, असू द्या ना,” निर्मलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा घाईचा आला.

“मला वाटलं, गाण्यांचं असेल काहीतरी. निखिल म्हणाला होता, आई, तुला जुनी गाणी भरून देईन. म्हणून काल त्याला दाखवलं.” मालतीताई टेबलाकडे बघत बोलत होत्या. “त्यानं हातात घेतलं आणि विचारलं, कुठून आणलंस? म्हटलं, निर्मलाताईंकडचं वाण. तर हसला. कितीतरी महिन्यांनी हसला तो. म्हणाला, आई, तुला माहितीये हे काय आहे? आता ऋतुजा कुठे लपलीये ते मला कळेल, आणि आपली चिंगी घरी येईल.”

चिंगी म्हणजे नात. घरातलं नाव असावं, कारण ते म्हणताना त्यांचा आवाज बदलला.

“मग?” निर्मलाताईंनी विचारलं.

“मग त्याचा ऑफिसचा फोन आला, तो ते टेबलावर ठेवून बाल्कनीत गेला. मी उचललं.” त्यांनी पदर सारखा केला. “परत आला तर म्हटलं, मला काय माहीत, तुझ्याच हातात होतं. सगळं घर उलटंपालटं केलं त्यानं. कामवालीवर ओरडला. मी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. मुलाशी मी आयुष्यात खोटं बोलले नव्हते हो.”

खाली पोरांच्या क्रिकेटचा आरडाओरडा ऐकू येत होता.

“मला पण नात हवी आहे,” मालतीताई म्हणाल्या. “तुम्हाला वाटेल, ही बाई मोठी शहाणी. नाही. रात्रभर मी विचार केला की देऊन टाकावं. दोन दिवसांत पोरगी माझ्या मांडीवर असती. पण तो तिला कशी आणेल ते मला माहीत आहे. आणि आणल्यावर ऋतुजाचं काय करेल तेही. मी त्या घरात होते ना. पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसायचे.”

निर्मलाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“चिंगी बरी आहे ना? एवढंच सांगा.”

“छान आहे. पुढचा दात पडलाय. शाळेत नाचात घेतलंय तिला, आणि परवा...”

“नको, नको.” मालतीताईंनी हात सोडवून घेतला आणि घाईनं म्हणाल्या, “शाळेचं काही सांगू नका. गावाचं नका, रस्त्याचं नका. त्यानं नीट बसून, आई गं म्हणून विचारलं, तर मी सांगून टाकीन. माझा भरवसा मलाच नाही.”

मी नोकरीभर लोकांना हेच समजावत आले होते, की माणसाला जे माहीत असतं ते माणसाकडून काढून घेता येतं. मोठाल्या पगाराच्या लोकांना आकृत्या काढून दाखवलं, तरी त्यांना ते स्वतःबद्दल कधी खरं वाटलं नाही. या बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला, आणि वाईटही वाटलं, कारण ज्या वस्तूसाठी त्या रात्रभर जागल्या होत्या ती केव्हाच निकामी झालेली होती. ती त्यांनी मुलाला दिली असती तरी काही उघडलं नसतं. तो चिडला असता, एवढंच.

निर्मलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं की नाही, हे त्या मला विचारत होत्या.

मालतीताईंचंही लक्ष माझ्याकडे गेलं. “तुम्ही शैलाताई ना, ह्याच कामात होता? हळदीकुंकवाला प्राजक्ता तुमच्याबद्दल म्हणाली होती.”

“हो.”

“मग मला एक खरं सांगा. मी हे निखिलला दिलं असतं, तर उघडलं असतं का हो?”

मुठीतली नवी किल्ली माझ्या तळहाताला रुतत होती. खरं उत्तर ‘नाही’ होतं.

“हो, मालतीताई,” मी म्हटलं. “उघडलं असतं. सगळं मिळालं असतं त्याला.”

त्यांनी दोनदा मान हलवली. खांदे खाली आले. “मग बरं केलं मी,” म्हणाल्या, आणि समोरचा चहा, निवला होता तरी, उचलून शेवटच्या घोटापर्यंत प्याल्या.